सीकेपी आणि पाठारे प्रभू: कोलंबी एकच, पातेली दोन

मागच्या महिन्यात दादरच्या एका खानावळीच्या फळ्यावर ‘परभी कोलंबी’ असं लिहिलेलं दिसलं आणि मी हरखून आत शिरले. समोर आलं ते ओल्या खोबऱ्याच्या हिरव्या वाटणातलं कालवण. चवीला छानच होतं, पण ते आमच्या सीकेप्यांचं होतं, परभी म्हणजे पाठारे प्रभूंचं नव्हे. वाढणाऱ्या मुलाला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, “काकू, दोन्ही प्रभूच ना?”

त्याचं काही चुकलं नाही. घोळ नावातच आहे. एक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, म्हणजे सीकेपी. दुसरे पाठारे प्रभू. दोघेही मासे-मटणावर जीव टाकणारे, लेखणीच्या जोरावर पुढे आलेले, मुंबईत पिढ्यान् पिढ्या राहिलेले. पण ज्ञाती वेगळ्या आणि चुलीही वेगळ्या. आडनावं ऐकली की बरंचसं कळतं. गुप्ते, प्रधान, चित्रे, कर्णिक, टिपणीस हे सीकेपी. धुरंधर, कोठारे, जयकर, तळपदे, विजयकर हे पाठारे प्रभू. १६६० साली घोडखिंड लढवणारे बाजीप्रभू सीकेपी, तर चित्रकार एम. व्ही. धुरंधर पाठारे प्रभू.

माझं बालपण ठाकूरद्वारला गेलं. आईचं माहेर रोह्याचं, आणि भिंतीला भिंत लागून पाठारे प्रभूंचं घर. त्यामुळे हा फरक मी आधी नाकाने शिकले. सकाळी दहाच्या सुमाराला आमच्याकडून पाट्यावर खोबरं वाटल्याचा आवाज यायचा. शेजारच्या पाठारे प्रभू मावशींकडून आवाज काहीच नाही, तापल्या तेलात पडलेल्या हिंगाचा वास तेवढा यायचा.

सगळी गोम तिथेच आहे. सीकेपी स्वयंपाक वाटणावर उभा आहे. पापलेटाच्या कालवणाला ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण. मटणाला कांदा-खोबरं खमंग भाजून केलेलं वाटण. पेण, रोहा, अलिबाग, महाड या पट्ट्यात आमची मुळं. परसात नारळ, खाडीत जिताडं आणि शेतात कडवे वाल. जे हाताशी होतं तेच पानात आलं. पाठारे प्रभू मात्र मुंबई बेटाच्या जुन्या रहिवाशांपैकी. राजा बिंबाबरोबर आपण माहीमला आलो, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांच्या माशांच्या रश्श्यात खोबऱ्याचं वाटण सहसा नसतं. चव येते ती लसूण, हिंग आणि परभी सांबार यांच्यातून.

सांबार म्हटलं की इडली आठवते, तिचा इथे काही संबंध नाही. परभी सांबार हा वर्षाचा करून ठेवायचा कोरडा मसाला. धणे, जिरे, मिरी, मिरच्या, हळद, हिंग आणि त्यांच्या जोडीला भाजलेले गहू नि हरभऱ्याची डाळ. मसाल्यात गहू ऐकून लोक चकित होतात, पण त्या गव्हा-डाळीनेच रश्श्याला अंग येतं. आमच्याकडे जे काम खोबरं करतं, त्यातलं थोडं इथे ही दोन धान्यं करतात.

मावशींचं कोलंबीचं खडखडलं मी किती वेळा उभं राहून पाहिलंय. कोलंबी सोलून, धागा काढून, चिमूटभर बेसन चोळून धुवायच्या, म्हणजे उग्र वास जातो. पातेल्यात तेल जरा सढळ. त्यात ठेचलेला लसूण आणि हिंग, मग कोलंबी, हळद, तिखट, सांबार, मीठ. पाणी नाही. चमचा तर घालायचाच नाही. फडक्याने पातेल्याचे काठ धरायचे आणि सगळं पातेलंच खडखडवायचं. कोलंबी आकसून गोल झाली, कडेला लाल तेल दिसलं की लगेच उतरवायचं. “अजून एक मिनिट ठेवलंस तर रबर चावशील,” असं त्या म्हणायच्या. याच कोलंब्या आमच्या घरी आल्या असत्या, तर आई आधी नारळ फोडायला बसली असती.

भानोलं हा त्यांचा आणखी एक अस्सल प्रकार. चिरलेला कोबी, कोलंबी, बेसन, आलं-लसूण, मसाला सगळं एकत्र कालवायचं आणि तेल लावलेल्या जाड भांड्यात थापून खाली विस्तव, झाकणावर निखारे. वरून खरपूस, आतून मऊ, वड्या पाडून खायचं. इंग्रजी अमदानीत शिकून पुढे आलेल्या या समाजाने पुढे केक-पुडिंगही हौसेने आपलंसं केलं. खालून-वरून आच द्यायची सवय हाताला आधीपासून होतीच.

आता आमची बाजू. सीकेपी घर ओळखायचं ते बिरड्यावरून आणि सोड्यांवरून. बिरडं पाठारे प्रभूही करतात, पण आमच्याकडे त्याचा थाट वेगळा. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल हातात राहते आणि पांढरा दाणा टुपकन पाण्यात पडतो. घरातलं कोणीही रिकामं दिसलं की त्याच्यापुढे परात यायची. मग ओलं खोबरं, गूळ, आमसूल. दाणा शिजला पाहिजे, पण फुटता कामा नये.

सोडे म्हणजे सोलून उन्हात सुकवलेली कोलंबी. सुकट-जवळा वेगळा, तो बारीक असतो. सोडे महाग, म्हणून मोजून घालायचे. वांग्या-बटाट्यात घाला, पोह्यांत घाला, खिचडीत घाला, पदार्थ बदलून जातो. माझ्या मते सोड्याची खिचडी खाल्ल्याशिवाय सीकेपी स्वयंपाकाबद्दल बोलूच नये. गोडातही आमचं निनावं आहे, बेसन-कणकेत गूळ आणि नारळाचं दूध घालून भाजलेलं, श्रावणातलं. तिथेही नारळ सुटत नाही.

म्हणून फळ्यावर काहीही लिहिलेलं असो, ताटात काय आहे ते रश्श्याला विचारावं. खोबऱ्याचा दाटपणा जिभेला लागला तर ते सीकेपी. तेल सुटलेलं, हिंग-लसणाचा वास पुढे, आणि खोबऱ्याचा मागमूस नाही, तर ते परभी.

एका बाबतीत मात्र दोन्ही घरांत सारखीच लगबग असायची. पाऊस सुरू झाला की दादरच्या बाजारात शेवळं ही रानभाजी येते, आणि तिच्याशेजारी काकडं या आंबट हिरव्या फळांचे वाटे. काकडं घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. त्यामुळे दोन्ही वस्तू घेऊनच आई आणि मावशी एकत्र परतायच्या, आणि मधल्या जिन्यावर बसून शेवळं निवडायच्या. मग दारं वेगळी. मावशींच्या शेवळांत ताजी कोलंबी पडायची, आमच्या शेवळांत सोडे. दुपारी दोन वाट्या झाकून इकडून तिकडे जायच्या.