मेदवेद: अस्वलाचं झाकलेलं नाव

मेदवेदेव हे रशियन आडनाव आपण बातम्यांत अनेकदा ऐकतो. त्यात 'मेदवेद' म्हणजे अस्वल दडलेलं आहे. मराठी कानाला त्यात लगेच 'वेद' ऐकू येतो आणि 'मध जाणणारा' असा अर्थ लावायचा मोह होतो. खुद्द रशियातही अनेकांचा हाच समज आहे. पण शब्द तिथे तुटत नाही.

स्लाव्ह भाषा (रशियन, पोलिश, झेक वगैरे) 9व्या शतकात लिहिल्या जाऊ लागल्या. हा शब्द त्याआधीचा. त्यामुळे त्याचं मूळ रूप *मेद्वेदि हे आजच्या भाषा ताडून उभं केलेलं आहे, म्हणून त्याच्या आधी तारा (*) हे चिन्ह. त्याची फोड 'मेदु' म्हणजे मध, अधिक 'खाणारा' अशी आहे. मधला 'व' आला तो 'उ'पासून, मनु + अंतर = मन्वंतर होतं अगदी तसाच. शाळेत घोकलेली यण् संधी इतक्या दूर भेटते, याचा मला फार आनंद होतो. संस्कृतात मधु आणि अद् (खाणे) यांपासून 'मध्वद्' होतो. ऋग्वेदात (1.164.22) तो आहे, पण तिथे मध खाणारे पक्षी आहेत, अस्वल नाही.

मग अस्वलाचं जुनं नाव कुठे गेलं? संस्कृत ऋक्ष, ग्रीक आर्क्तोस, लॅटिन उर्सुस हे एकाच मुळाचे. आपला 'रीस' ऋक्षातूनच आला. स्लाव्ह भाषांत मात्र ते मूळ दिसत नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी 1906 मध्ये त्याचं कारण मांडलं: उत्तरेच्या जंगलांत नाव घेतलं तर जनावर समोर येईल, ही भीती. हे पटायला कोकणात जाऊन आलेल्याला वेळ लागत नाही. तिन्हीसांजेला तिथे सापाला साप म्हणत नाहीत, 'जनावर' म्हणतात.

पुढे शब्द पांगला. झेक, स्लोव्हेनियन, क्रोएशियन रूपं मुळाजवळच राहिली. पोलिशमध्ये 'म'चा 'न' होऊन 'न्येज्व्येज' झाला. युक्रेनियनने तुकडेच उलटवले: 'वेद्मीद'. बल्गेरियनमध्ये रोजचा शब्द 'मेच्का'. स्लाव्ह नसलेल्या हंगेरियननेही 'मेद्वे' उचलला.

रशियनमध्ये तर 'मेदवेद' हेच खरं नाव होऊन बसलं, मग त्यावरही पांघरूण आलं. लोककथांत तो 'कोसोलापी', म्हणजे फेंगड्या पायांचा, किंवा 'मिशा', म्हणजे मिखाइल या नावाचं लाडाचं रूप. 1980च्या मॉस्को ऑलिंपिकचं शुभंकर अस्वल, त्याचंही नाव मिशाच.