गळाला लागतो तो घरट्यावरचा बाप

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात आणि अमेरिकेच्या पंचमहासरोवरांच्या परिसरात वसंत सरत आला, की तलावांचं पाणी १५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागतं. मग काठालगतच्या उथळ पाण्यात थाळीसारख्या गोल, झाडून लख्ख केलेल्या जागा दिसायला लागतात. ही बास माशाची घरटी. नराने शेपटीच्या फटकाऱ्यांनी गाळ उडवून खालचे खडे उघडे केलेले असतात. मादी तिथे अंडी घालते आणि निघून जाते. त्यापुढचं सगळं नराकडे.

इथल्या गोड्या पाण्यात मुख्यतः दोन बास आढळतात. लार्जमाउथ संथ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात रमतो. स्मॉलमाउथला थंड, नितळ पाणी आणि खडकाळ तळ लागतो. दोघांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात ‘मायक्रोप्टेरस’ अशी होते, म्हणजे छोट्या पराचा. खरं तर त्यांचा पर छोटा मुळीच नसतो. १८०२ साली लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने नाव दिलं तेव्हा त्याच्यापुढच्या स्मॉलमाउथचा पाठीवरचा पर फाटलेला होता. शेवटचा तुकडा त्याला वेगळा, इवलासा पर वाटला आणि एका जखमी माशामुळे साऱ्या कुळाला ते नाव चिकटलं.

बासची शिकार पाहण्यासारखी असते. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदी रेषेमुळे त्याला पाण्यातली बारीकशी हालचालही जाणवते. भक्ष्य टप्प्यात आलं की तो जबडा झटक्यात उघडतो, तोंडात दाब एकदम कमी होतो आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत खेचलं जातं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं आटोपतं. गळाला बांधलेलं खोटं आमिषही तो असंच ओढून घेतो.

घरट्यावरच्या नराचं मात्र वेगळं असतं. पहाऱ्याच्या दिवसांत तो जवळजवळ खात नाही. परांनी सतत वारा घालावा तसं तो अंड्यांवरून पाणी खेळतं ठेवतो. त्याने प्राणवायू मिळतो आणि गाळ बसत नाही. पिल्लं बाहेर आली तरी त्यांच्या घोळक्याभोवती तो बरेच दिवस फिरत राहतो. अशा वेळी समोर आलेल्या आमिषावर तो झडप घालतो ती भुकेपोटी नव्हे, घुसखोराला हाकलण्यासाठी. म्हणूनच त्याला पकडणं इतकं सोपं असतं, आणि म्हणूनच मला त्यात काही मर्दुमकी वाटत नाही.

तो वर खेचला गेला की घरटं उघडं पडतं. टपून बसलेले ब्लूगिल आणि पर्च हे मासे मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. ईरी सरोवरात त्यांच्या जोडीला राउंड गोबी आहे. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचा हा छोटा मासा जहाजांत तोलासाठी भरलेल्या पाण्यातून इकडे आला आणि १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत पहिल्यांदा सापडला. नर परत सोडला तरी तो थकलेला असतो. परतल्यावर फार थोडी अंडी उरलेली दिसली, तर पुष्कळदा तो घरटंच सोडून देतो.

याहून खोलवरची गोष्ट इलिनॉय राज्यातल्या रिज लेक या छोट्या तलावाने दाखवली. १९७५ पासून तिथे पकडलेल्या प्रत्येक लार्जमाउथवर खूण करून, नोंद ठेवून त्याला पुन्हा सोडत. एक मासा तर वर्षभरात १६ वेळा गळाला लागला. चार वर्षांनी तलाव रिकामा केला तेव्हा १,७०० हून अधिक बास हाती आले. त्यांतले सुमारे २०० कधीच पकडले गेले नव्हते. शास्त्रज्ञांनी सहज सापडणारे आणि कधीच न सापडलेले अशा दोन वेगळ्या वंशावळी वाढवल्या. तीन पिढ्यांत दोघांमधला फरक वाढत गेला. म्हणजे गळाला लागण्याचा स्वभाव काही अंशी आईबापांकडून येतो.

पुढच्या अभ्यासांत मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब समोर आली. सहज सापडणाऱ्या वंशातले मासे स्वस्थ असतानाही जास्त ऊर्जा खर्च करतात, आणि त्यांतले नर घरट्याची राखण अधिक जोमाने करतात. गळ तलावातले सर्वांत चांगले बाप निवडून उचलतो. पिढ्यानपिढ्या हे चाललं, तर मागे उरणारे मासे हुशार झाले असं आपण म्हणू, पण ते राखणीतही कमी पडणारे असतील.

ऑन्टारियोच्या दक्षिणेकडच्या बऱ्याच तलावांवर बास पकडून नेण्याचा हंगाम जूनच्या उत्तरार्धात उघडतो, तो याच काळजीने. त्याआधी चुकून नर लागलाच, तर गळ पाण्यातच काढून त्याला तिथल्या तिथे सोडावं. होडीतल्या टाकीत ठेवून मासेमारी स्पर्धेच्या वजनकाट्यापर्यंत दूर नेलेला नर घरट्यापाशी वेळेत पोहोचू शकत नाही.