कोऑर्डिनेटर (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघात हेड कोचच्या खालोखाल अधिकार असणारा प्रशिक्षक. इथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. मोठ्या संघात साधारणपणे तीन कोऑर्डिनेटर असतात. चेंडू आपल्याकडे असताना खेळणारी तुकडी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या हाताखाली असते आणि तो समोरच्यांकडे असताना खेळणारी तुकडी डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या. किकशी संबंधित सगळ्या चाली स्पेशल टीम्स कोऑर्डिनेटर पाहतो. पहिल्या दोघांना बोलण्यात आणि बातम्यांत नुसते ‘ओसी’ आणि ‘डीसी’ म्हणतात. मराठीत ‘समन्वयक’ हा शब्द आहे खरा, पण इथे तो दिशाभूल करतो. समन्वयक म्हटले की चार जणांचा मेळ घालणारा, बैठका बोलावणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हा माणूस ते करतोच, पण शनिवारी भर सामन्यात पुढची चाल कोणती, हेही बहुधा तोच ठरवतो.

हा अधिकार खेळाच्या घडणीतून आला आहे. क्रिकेटमध्ये पुढचा चेंडू कसा टाकायचा ते गोलंदाज आणि कर्णधार ठरवतात. प्रशिक्षक ड्रेसिंग रूममध्ये नखे चावत बसतो. अमेरिकन फुटबॉल मात्र दर काही सेकंदांनी थांबतो. आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. एक डाऊन संपला की पुढचा सुरू करायला बहुतेक वेळा ४० सेकंद मिळतात. कॉलेज फुटबॉलमध्ये हे घड्याळ २००८ पासून लागू आहे. तेवढ्यात किती यार्ड हवेत, चेंडू मैदानात कुठे आहे, वेळ किती उरला, समोर कोण उभे आहे हे पाहून चाल बाहेरून पाठवली जाते. एका संघाच्या वाट्याला सामन्यात साठ-सत्तर चाली येतात. मिशिगनसारख्या लाखावर आसनांच्या स्टेडियमवर एखादी चाल फसली, तर ती खेळणाऱ्या पोरापेक्षा ती पाठवणाऱ्याच्या नावाने जास्त ओरडा होतो.

दोन तुकड्या, दोन प्रमुख

कोऑर्डिनेटर हे पद खेळाइतके जुने नाही. सुरुवातीच्या काळात तेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही. बदली खेळाडूंवर कडक बंधने होती. १९४१ मध्ये ती सैल झाली. १९४५ मध्ये मिशिगनचा प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिस्लर याच्याकडे कोवळी पोरे होती आणि समोर होता आर्मीचा, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा, बलाढ्य संघ. त्याने आक्रमणाला एक आणि बचावाला दुसरी अशा दोन वेगळ्या तुकड्या उतरवल्या. मिशिगन २८–७ असा हरला, पण पाहणाऱ्यांना मुद्दा कळला. पुढे आर्मीनेच ही पद्धत उचलली. १९५३ मध्ये नियमाने ती बंद केली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर ती पुन्हा मोकळी झाली. आज जो आक्रमणात खेळतो तो बचावात सहसा उतरत नाही. दोन्ही तुकड्यांच्या बैठका वेगळ्या होतात, सरावाचे कोपरे वेगळे असतात, भाषाही वेगळी असते. दोन्हींना स्वतंत्र प्रमुख मिळणे मग ओघानेच आले.

शनिवारच्या आधीचे सहा दिवस

कोऑर्डिनेटरचे बरेचसे काम सामन्याआधीच उरकलेले असते. रविवारी आदल्या दिवसाच्या सामन्याचे चित्रण बघून प्रत्येक खेळाडूला प्रत्येक चालीचे गुण दिले जातात. मग पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे जुने सामने निघतात. पदव्युत्तर शिक्षण घेता घेता हाताखाली राबणारे ग्रॅज्युएट असिस्टंट आणि पगारी विश्लेषक हे चित्रण आधीच कापून ठेवतात : तिसरा डाऊन आणि सात यार्ड हवे असताना हे काय करतात, चेंडू डावीकडे असताना काय करतात. आपण स्वतः ओळखू येण्याइतके ठरावीक वागतोय का, हेही याच पद्धतीने तपासले जाते. अनेक संघांत मंगळवारचा सराव पहिल्या-दुसऱ्या डाऊनचा, बुधवारचा तिसऱ्या डाऊनचा आणि गुरुवारचा ‘रेड झोन’चा, म्हणजे गोलरेषेजवळच्या शेवटच्या वीस यार्डांचा असतो. शुक्रवारी नुसती धक्काबुक्कीविना उजळणी.

एक अडचण या सगळ्याच्या मुळाशी आहे. खेळाडू विद्यार्थी आहेत. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हंगामात त्यांना आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तासांपलीकडे खेळाच्या सक्तीच्या कामात गुंतवू देत नाही. आठवड्यातून एक दिवस सुट्टीही द्यावी लागते. कोऑर्डिनेटरच्या स्वतःच्या तासांना मर्यादा नाही. त्यामुळे त्याच्या डोक्यात दोनशे चाली असतात आणि परीक्षेच्या आठवड्यातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात त्यातल्या मोजक्याच मावतात. चांगला कोऑर्डिनेटर काय शिकवतो यापेक्षा काय गाळतो यावरून ओळखावा.

गाळून उरलेले एका मोठ्या, दोन्ही बाजूंनी छापलेल्या, लॅमिनेट केलेल्या कागदावर येते. त्याला कॉल शीट म्हणतात. तोंडाशी धरून बोलण्याची सवय अनेकांना असते, समोरच्याने ओठ वाचू नयेत म्हणून. पहिल्या दहा-पंधरा चाली बरेच जण आधीच क्रमाने लिहून ठेवतात. या यादीवरून एक मजेदार प्रसंग घडला. १९९९ मध्ये ओक्लाहोमाचा ओसी माईक लीच याने टेक्सासविरुद्धच्या सामन्याआधी मैदानावर खोटी यादी ‘चुकून’ पडू दिली. ती टेक्सासच्या प्रशिक्षकांच्या हाती लागली, त्यांनी खरी मानली, आणि ओक्लाहोमा बघता बघता १७–० ने पुढे गेला. शहाणपण आल्यावर टेक्सासने सामना ३८–२८ असा जिंकला, हेही सांगायला हवे.

चाल मैदानापर्यंत कशी पोहोचते

काही कोऑर्डिनेटर मैदानाच्या कडेला उभे राहतात, काही वर प्रेस बॉक्समध्ये बसतात. वरून बावीसही खेळाडू पटावरच्या सोंगट्यांसारखे दिसतात आणि गोंगाट काचेबाहेर राहतो. खाली उभे राहिले की खेळाडूच्या डोळ्यांत बघून बोलता येते. दोन्हीकडचे लोक हेडसेटने जोडलेले असतात.

व्यावसायिक एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये १९९४ पासून रेडिओ आहे. कॉलेजमध्ये मात्र २०२३ च्या हंगामापर्यंत हातवारे चालत. कडेला तीन-चार जण एकाच वेळी खुणा करत, त्यातला एकच खरा असे. ओरेगॉनने २०१० च्या आसपास चार चौकोनांत चार चित्रे असलेले मोठे फलक वापरून ही पद्धत गाजवली. खुणा उघड्यावर असल्या की त्या फोडणारेही आलेच. सामना सुरू असताना समोरच्याच्या खुणा ओळखणे नियमात बसते. त्याच्या पुढच्या सामन्यांना आधी जाऊन हजर राहून टेहळणी करणे १९९४ पासून निषिद्ध आहे. २०२३ मध्ये मिशिगनवर नेमका हाच ठपका आला. पुढच्याच वर्षी एनसीएएने सर्वोच्च गटात, म्हणजे एफबीएसमध्ये, हेल्मेट रेडिओला परवानगी दिली. मैदानावरच्या एकाच खेळाडूला ऐकू येते, त्याच्या हेल्मेटमागे हिरवा ठिपका असतो, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज तुटतो. पुढचे त्या पोराचे त्याने पाहायचे.

आक्रमण, बचाव आणि किक

ओसी बहुधा क्वार्टरबॅकचाही प्रशिक्षक असतो, कारण त्याची चाल त्याच एका खेळाडूच्या तोंडून बाहेर पडते. हल्ली त्याचे आवडते हत्यार म्हणजे आरपीओ : एकाच चालीत धाव (चेंडू घेऊन पळणे) आणि पास (चेंडू पुढे फेकणे) दोन्ही तयार ठेवायचे आणि समोरचा एक बचावपटू कुठे वळतो ते पाहून क्वार्टरबॅकने ऐनवेळी निवड करायची. कॉलेजमध्ये ते जास्त फोफावले याचे एक साधे कारण नियमात आहे. पास सुटण्याआधी ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या फळीच्या, खेळाडूला कॉलेजमध्ये तीन यार्ड पुढे गेलेले चालते. एनएफएलमध्ये एकच यार्ड.

डीसीचे काम मला अधिक अवघड वाटते. ओसीला चाल ठरवताना निदान आपण काय करणार हे माहीत असते. डीसीला समोरचे कोणते खेळाडू आत आले ते पाहून उत्तर धाडावे लागते, आणि समोरचा संघ खेळाडू न बदलता भराभर चेंडू सुरू करू लागला की ते पाहायलाही सवड मिळत नाही. त्यातच कॉलेजच्या मैदानावर चेंडू ठेवायच्या खुणांच्या दोन रांगांत ४० फुटांचे अंतर असते, एनएफएलमध्ये जेमतेम साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू बऱ्याचदा एका कडेला येतो, एका बाजूला अफाट मोकळी जागा उरते आणि दुसरीकडे चिंचोळी. म्हणून अनेक डीसी आपले बचावपटू डावे-उजवे असे न लावता रुंद बाजूचे आणि अरुंद बाजूचे असे लावतात. रुंदीकडे वेगवान पोरगा, अरुंदीकडे दणकट.

स्पेशल टीम्सचे पद सगळीकडे स्वतंत्र नसते. काही संघ ते काम सहायकांत वाटून टाकतात. व्हर्जिनिया टेकचा फ्रँक बीमर १९८७ ते २०१५ हेड कोच होता आणि किकच्या तुकड्यांत स्वतः जातीने लक्ष घालत असे.

हेड कोचशी नाते

कोऑर्डिनेटरचा अधिकार उसना असतो. हेड कोच तो कधीही परत घेऊ शकतो, आणि काही हेड कोच मुळात देतच नाहीत : ओक्लाहोमाचा ओसी लिंकन रायली तिथलाच हेड कोच झाल्यावरही चाली स्वतःच पाठवत राहिला. उलट प्रसंगही येतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मिशिगनचा हेड कोच जिम हार्बो तीन सामन्यांसाठी निलंबित झाला आणि ओसी शेरोन मूर याच्याकडे संघ आला. पेन स्टेटविरुद्ध त्याने सलग ३२ चाली धावत खेळवल्या आणि सामना २४–१५ असा जिंकला. मूर ऑफेन्सिव्ह लाइनचाही प्रशिक्षक होता. आपल्या धटिंगणांवर त्याचा भरवसा होता, एवढेच त्यातून दिसते.

आयोवाचे उदाहरण सगळ्यात बोलके आहे. तिथला हेड कोच कर्क फेरेंट्झ आणि ओसी त्याचा मुलगा ब्रायन. घराणेशाहीचे नियम सांभाळायचे म्हणून मुलाचा वरिष्ठ कागदोपत्री विद्यापीठाचा क्रीडासंचालक होता. आक्रमण इतके लंगडे की २०२३ साठी ब्रायनच्या करारात अटच घातली गेली : संघाने सामन्याला सरासरी २५ गुण करावेत, आणि त्यात बचावफळीने केलेले गुणही धरावेत. ऑक्टोबरच्या अखेरीस, हंगाम सुरू असतानाच, तो पुढच्या वर्षी नसेल असे जाहीर झाले. सरासरी १५ च्या आसपास राहिली. आणि तरी आयोवाने दहा सामने जिंकले, कारण दुसऱ्या बाजूला फिल पार्कर होता. १९९९ पासून आयोवात आणि २०१२ पासून डीसी असलेल्या पार्करला त्याच वर्षी ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. आर्कन्सॉचे माजी हेड कोच फ्रँक ब्रॉयल्स यांच्या नावाचा, देशातील सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा हा पुरस्कार १९९६ पासून दिला जातो. एकाच संघात एकाच हंगामात एका कोऑर्डिनेटरची नोकरी जाते आणि दुसऱ्याला देशातला पहिला क्रमांक मिळतो, असे कोडे या खेळातच पडू शकते.

पगार, पदव्या आणि स्थलांतर

एफबीएस संघाला २०१८ पासून हेड कोचखेरीज दहा सहायक प्रशिक्षक नेमता येऊ लागले, त्याआधी नऊ होते. २०२४ मध्ये नियम सैल होऊन इतर कर्मचाऱ्यांनाही सराव घेण्याची मुभा मिळाली. बाहेर फिरून शाळकरी खेळाडू हेरण्यावरची मर्यादा मात्र राहिली. हे हेरणे म्हणजे रिक्रूटिंग, आणि ते कोऑर्डिनेटरलाही चुकत नाही. बचावफळीतला एखादा लाइनबॅकर कुठल्या विद्यापीठात जाणार, हे कधी कधी डीसीने त्याच्या आईशी स्वयंपाकघरात बसून मारलेल्या गप्पांवर ठरते.

पगार आता हेड कोचच्या जुन्या पगारांना मागे टाकतात. एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, २०१८ मध्ये डीसी डेव्ह अरँडाला चार वर्षांसाठी १ कोटी डॉलरचा करार दिला. पैशाबरोबर पदव्याही फुगल्या आहेत : को-कोऑर्डिनेटर, पासिंग गेम कोऑर्डिनेटर, रन गेम कोऑर्डिनेटर. पुष्कळदा ती नुसती माणूस टिकवण्यासाठी दिलेली पाटी असते, पण नेहमी नाही. २०१९ मध्ये एलएसयूच्या १५–० हंगामात ओसी स्टीव्ह एन्समिंगर होता, आणि ब्रॉयल्स पुरस्कार पटकावला तो पासिंग गेम कोऑर्डिनेटर जो ब्रेडी याने.

यशस्वी कोऑर्डिनेटर फार काळ टिकत नाही, त्याला हेड कोचपद खुणावते. अलाबामात निक सेबनचा डीसी असलेला कर्बी स्मार्ट जॉर्जियाचा हेड कोच झाला आणि त्याने २०२१ व २०२२ च्या हंगामांची विजेतेपदे जिंकली. अलाबामाचा ओसी लेन किफिन तर नवी नोकरी हाती येताच जानेवारी २०१७ मधील अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी बाहेर पडला. चाली स्टीव्ह सार्किसियनने पाठवल्या आणि क्लेमसनने शेवटचा सेकंद उरला असताना टचडाऊन करून, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन, ३५–३१ असा सामना नेला. उलट्या दिशेचा प्रवास विरळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये चिप केली यूसीएलएचे हेड कोचपद सोडून ओहायो स्टेटचा ओसी झाला. वर्षभराने, २० जानेवारी २०२५ रोजी, ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४–२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यानंतर महिन्याभरात केली एनएफएलच्या रेडर्सकडे आणि डीसी जिम नोल्स पेन स्टेटकडे गेला. ऑगस्टमध्ये टेक्सासविरुद्ध नवा हंगाम सुरू झाला तेव्हा ओहायो स्टेटकडे ओसी ब्रायन हार्टलाइन होता आणि डीसी मॅट पॅट्रिशिया.