झोप आणि शालेय अध्ययन

दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते. त्यामुळे शालेय वयातली झोप विश्रांतीइतकीच अभ्यासाचाही भाग ठरते. अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी.

१९२४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरगट पाठ करून घेतले. पाठांतरानंतर जागे राहिल्यास त्यांतले बरेचसे काही तासांत विसरले जाई. तेवढाच वेळ झोप घेतल्यास पुष्कळ अधिक आठवे. झोपेत नवे काही कानांवर पडत नाही म्हणून जुने टिकते, असा अर्थ तेव्हा लावला गेला. झोपेचे काम याहून मोठे आहे, हे पुढे स्पष्ट झाले. गाढ झोपेत मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग दिवसा टिपलेले पुन्हा जागवतो आणि ते हळूहळू मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, रुजते. जागरणाने हे काम अर्धवट राहते, शिवाय दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष टिकत नाही आणि नवे टिपून घेण्याची क्षमताही घटते. परीक्षेच्या आदल्या रात्री लवकर झोपून आधीची तूट भरून निघत नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या झोपेची मनगटी यंत्राने नोंद ठेवली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुणांचा संबंध आधीच्या आठवड्यांतील पुरेशा, नियमित झोपेशी आढळला. केवळ आदल्या रात्रीच्या झोपेशी नाही.

वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते, झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. अमेरिकेतील निद्रासंशोधक मेरी कार्सकडन यांच्या संशोधनाने हे ठळकपणे पुढे आणले. ‘लवकर निजे, लवकर उठे’ यातले निजणेच या मुलांना जड जाते. सकाळी न उठणाऱ्या नववीतल्या मुलाला आळशी म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा मुले उशिरापर्यंत जागत बसली नाहीत. त्यांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक सरकारी माध्यमिक शाळा ८.३० पूर्वी भरवता येत नाहीत.

महाराष्ट्रात सकाळच्या सत्राच्या अनेक शाळा सातच्या सुमारास भरत. बस गाठायची तर मुलाला त्याच्याही बरेच आधी उठवावे लागे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये हा प्रश्न मांडला आणि ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगण्यात आले. लहान मुलांसाठी हे योग्यच झाले. माध्यमिक वर्ग मात्र या निर्णयात आले नाहीत, आणि घड्याळ पुढे सरकते ते नेमके त्याच वयात. एकाच इमारतीत दोन सत्रे भरवणाऱ्या शाळांपुढे वर्गखोल्यांची अडचण खरी आहे: सकाळचे सत्र पुढे ढकलले की दुपारचे संध्याकाळी लांबते.