‘पाऊस’ शिकताना वाचन कसं येतं?

शाळा सुरू झाली की बालवाड्यांच्या भिंतींवर छत्र्या आणि बेडूक दिसू लागतात. ‘पाऊस’ ही थीम, म्हणजे काही दिवस सगळ्या उपक्रमांना जोडणारा एक विषय, चालू असते. गाणी होतात, कागदाच्या होड्या होतात. फळ्यावर मात्र ‘क, ख, ग, घ’ आपल्या क्रमाने पुढे सरकत असतं आणि पावसाशी त्याची गाठ पडत नाही. ही गाठ घालून देणं हेच थीमचं खरं काम आहे असं मला वाटतं.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. लिहिलेल्या अक्षरांवरून शब्द ओळखता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं, या दोन क्षमतांचा गुणाकार म्हणजे समजून वाचणं. त्यांनी बेरीज न धरता गुणाकार धरला. म्हणून एक बाजू शून्य असली तर उत्तरही शून्यच येतं. बाराखडी घडाघडा म्हणणारं पण धडा न कळणारं मूल आणि गोष्टी रंगवून सांगणारं पण अक्षर न ओळखणारं मूल, दोघंही अडकतात.

विषयाची माहिती किती मोलाची असते, हे 1988 मधल्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. एकाच विषयात दोन-तीन आठवडे रमण्याचा फायदा इथेच आहे. रिपरिप, मुसळधार, पागोळ्या, ओहोळ, चिखल हे शब्द गाण्यात, गोष्टीत, अंगणात पुन्हा पुन्हा कानावर पडतात आणि मुलाचे होतात. ते सगळे लगेच वाचता यायला हवेत असं मुळीच नाही. आधी ते बोलण्यात येऊ द्यावेत.

वाचायचे शब्द वेगळे निवडावे लागतात. समजा, पहिलीच्या बाईंनी ग, र, न, ल, प, व ही सहा अक्षरं, ‘आ’ आणि काना एवढंच घेतलं. त्यातून वारा, गारा, नाला, रान, पान, पाला हे शब्द तयार होतात. सगळे पावसातलेच! आणि ‘गार वारा आला’ हे अख्खं वाक्य मूल स्वतः वाचतं. मुळाक्षरं ‘ज्ञ’पर्यंत संपून बाराखडी सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही. वेलांटी थोडी नंतर आली तरी चालेल, कारण पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. ‘ग, म, भ, न’ हा आपला जुना गट हात वळवायला छान आहे, पण वाचायला शिकताना म आणि भ यांच्यात मुलांचा गोंधळ होतो. सारखी दिसणारी अक्षरं थोड्या अंतराने शिकवलेली बरी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पानं, बिया, शिंपले, म्हणजे मुलांच्या भोवतालीच सापडणाऱ्या वस्तू तिथे शिक्षणाचं साहित्य झाल्या. तिथल्या वारली आदिवासी मुलांच्या घरातली भाषा पुस्तकी मराठीपेक्षा वेगळी होती. अशा वर्गात पावसाला, डबक्याला, बेडकाला घरी काय म्हणतात हे आधी मुलांना विचारावं आणि त्यांचा शब्द फळ्यावर आपल्या शब्दाशेजारी लिहावा. मूल सांगतं ते वाक्य बाईंनी त्याच्यासमोर, एकेक शब्द उच्चारत लिहिलं, की बोललेलं कागदावर कसं उतरतं हे त्याला डोळ्यांनी दिसतं.

एक धोका मात्र आहे. मजेच्या भरात अक्षरांचा रोजचा सराव मागे पडतो, आणि चित्राशेजारचा ‘वारा’ मूल चित्र बघूनच ‘वाचतं’. ते खरंच वाचतंय का, हे पाहणं सोपं आहे. थीम संपताना त्याच अक्षरांचे, पावसाशी संबंध नसलेले शब्द चित्राशिवाय समोर ठेवावेत: गवार, नगर, पगार, नवरा. जे मूल इथे अडखळेल, त्याच्याबरोबर पुढची थीम सुरू झाल्यावरही हीच सहा अक्षरं आणखी काही दिवस घ्यावीत.