मोकळा सायलेन्सर आणि पोकळ सायलेन्सर

पुतण्यानं मागच्या दिवाळीत जुनी शंभर सीसीची स्प्लेंडर घेतली, कापसाच्या पहिल्या वेच्याच्या पैशातून. पंधरा दिवसांत फाट्यावरच्या एका मेकॅनिकनं त्याला पटवलं, "जाळी काढून देतो, मंग पाय कशी पयते." सायलेन्सर मागून कापला, आतले पत्रे आणि नळ्या काढल्या, परत वेल्डिंग मारलं. तीनशे रुपये. गाडी वेशीवर असतानाच आमच्या ओट्यावर कळायचं की साहेब आले. पळण्याचं म्हणाल तर वावराकडच्या ज्या चढावर ती खताचं पोतं घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये चढायची, तिथं आता दुसरा टाकावा लागत होता.

मी बोललो तर म्हणतो, "पण काका, फ्री-फ्लोच त हाय ना हा."

घोळ तो इथं. फ्री-फ्लो म्हणजे मोकळा. त्याच्याकडं होता तो पोकळ.

मोकळ्या सायलेन्सरच्या आत एक सरळ नळी असते, तिला बारीक भोकं, आणि नळीभोवती ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, ठासलेलं. धूर सरळ निघून जातो, आवाज भोकांतून वूलमध्ये शिरून जिरतो. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये बहुधा कप्पे असतात. धूर वळणं घेत जातो आणि आवाजाच्या लाटा कप्प्यांत आपटून एकमेकींना मारतात. पोकळ सायलेन्सरमध्ये यातलं काहीच उरत नाही. नळीतून वेगानं आलेला धूर एकदम मोठ्या डब्यात पसरतो, मंदावतो, आणि आवाज मात्र आहे तसा बाहेर पडतो.

धूर मंदावल्यानं काय बिघडतं? चार-स्ट्रोक इंजिनात एक क्षण असा येतो, की धूर जायचा आणि ताजी हवा यायचा असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. पुढं गेलेल्या धुराच्या धक्क्यामागं नळीत दाब कमी होतो आणि तो उरलेला धूर ओढून घेतो. ही ओढ नेमकी कोणत्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) लागावी, हे नळीची लांबी, जाडी आणि पुढचा डबा मिळून ठरवतात. डबा रिकामा केला की ती वेळ चुकते, आणि शंभर सीसीच्या गाडीत ते पहिल्यांदा जाणवतं खालच्या आरपीएमला, म्हणजे ओझं घेऊन चढताना. "इंजिनाला मागून दाब लागतोच" हे जे सांगतात, तेही अर्धवटच. हवी असते ती ओढ.

जुने लोक यामाहाच्या आरएक्स १०० चा दाखला देतात. ती गाडी १९८५ ते १९९६ पर्यंत निघाली, पण ती टू-स्ट्रोक, इंजिनाची जातच वेगळी. तिथं धूर जायचा असा व्हॉल्व्हच नाही, निसटलेलं ताजं मिश्रण सायलेन्सरमधून परतणारी लाटच मागं ढकलते. म्हणून तिच्यात सायलेन्सर बदलला की खरंच फरक पडायचा. ती अक्कल स्प्लेंडरला लागू नाही. हिची ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आसपास. चांगल्या फ्री-फ्लोनं पाच टक्के वाढले असं धरलं, तरी अर्धा घोडासुद्धा होत नाही.

आता हवेची बाजू. माझ्या मते नवशिक्याचा पहिला रुपया इथंच जावा.

पुतण्याच्या गाडीचं साइड कव्हर काढून मी हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. वर काळ्या मातीचा थर, घड्यांमध्ये कापसाचे तंतू (त्याचा रस्ता जिनिंगवरून जातो) आणि एक लिंबाचं पान. गाडी इतके दिवस तोंडावर फडकं बांधून पळत होती म्हणायची! दोन-अडीचशे रुपयांचा कंपनीचाच नवा फिल्टर टाकला आणि पिकअप बराचसा जागेवर आला. तेल लावलेल्या कागदाचा फिल्टर हवा मारून साफ होत नाही, तो बदलायचाच. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, थोडं इंजिन ऑइल लावून पिळून बसवा. मॅन्युअलमधले किलोमीटर आपल्या पांदण रस्त्याला लागू होत नाहीत, त्याच्या बरंच आधी उघडून बघा.

इथंही तोच गोंधळ. काही पोरं फिल्टर साफ करण्याऐवजी काढूनच टाकतात. धूळ सरळ सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या रिंगा घासल्या, मग निळा धूर आणि हजारोंचं इंजिनकाम. बाजारात धुऊन वापरायचा हजारोंचा फिल्टरही मिळतो. गंमत म्हणजे तो कापसाच्याच जाळीचा असतो, तेल लावलेला. कापूस आपला, भाव त्यांचा. तो वाईट नाही, पण धुळीच्या रस्त्यावर वेळच्या वेळी धुऊन तेल लावायची सवय असेल तरच घ्या.

सायलेन्सर आणि फिल्टर दोन्ही मोकळे केले, तर इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं. कार्बोरेटरच्या गाडीला मग मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी भोकाची तोटी, लागतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत संगणक थोडं सांभाळून घेतो, सगळं नाही. स्पार्क प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळी काजळी असेल तर जास्त. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पांढऱ्या प्लगची गाडी लांब नेऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. ८० ते १७५ सीसीच्या गाडीला कारखान्यातून निघताना आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे. पोकळ सायलेन्सर त्यात बसणं शक्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, वर लायसन्स तीन महिने बाद. "रोडसाठी नाही" असा शिक्का असलेला महागडा फ्री-फ्लोही यातून सुटत नाही. नव्या गाड्यांत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नळीत किंवा सायलेन्सरमध्येच असतो, तो कापला तर पीयूसीचंही अवघड.

पुतण्याला शेवटी भंगारातून त्याच मॉडेलचा सायलेन्सर मिळाला, आठशेला. बाहेरून गंजलेला, आतून शाबूत. नवा गॅस्केट टाकून बसवला. परवा तो पोतं घेऊन गेला, तर वावरात पोचेपर्यंत मला पत्ता नाही. चढावर तिसराच होता म्हणे. पण आवाजासाठी अजून हळहळतो.