सांगलीत बांधकामासाठी पूररेषेचा दाखला : पात्रता, कागदपत्रे आणि पावसाच्या नव्या नोंदींनी सरकणारी रेषा

सांगलीत नदीच्या बाजूला जागा पाहायला आलेला माणूस सर्वांत आधी विचारतो, "२०१९ ला इथं पाणी किती होतं?" शेजारी भिंतीवरची खूण दाखवतात, कोणी कमरेएवढे म्हणतो, कोणी पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत. हा प्रश्न विचारायलाच हवा. मात्र बांधकाम परवानगीच्या प्रस्तावात त्या खुणेवर काम भागत नाही. तिथे जलसंपदा विभागाने ठरवलेल्या पूररेषेचा लेखी संदर्भ, म्हणजेच पूररेषेचा दाखला लागतो, आणि ही रेषा एकदा आखली म्हणजे कायमची झाली असेही नाही. तिच्या मुळाशी पावसाच्या व विसर्गाच्या (नदीतून किंवा धरणातून वाहणाऱ्या पाण्याच्या प्रमाणाच्या) नोंदी असतात; नोंदी वाढल्या की रेषेचा हिशेबही नव्याने मांडावा लागतो. दाखला मागणाऱ्याने ही गोष्ट आधी समजून घेतली, तर पुढची कागदपत्रे कशासाठी मागितली जातात हे आपोआप उलगडते.

जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांवर दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो मोठा असेल त्याचे पाणी जिथवर पोहोचते ती निळी रेषा. सरासरी १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा ती लाल रेषा. वरच्या अंगाला धरण असेल तर त्याच्या सांडव्यातून जास्तीत जास्त जितके पाणी सोडता येईल असे धरून तो बांधलेला असतो, तो संकल्पित विसर्गही या हिशेबात येतो. नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध, आणि निळ्या व लाल रेषेमधले क्षेत्र नियंत्रित मानले जाते.

या दोन पट्ट्यांत काय चालते हे राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या नियमावलीत, सांगितले आहे. निषिद्ध क्षेत्रात उद्यान, हिरवळ, वाहनतळ, ओट्यांची उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र अशा मोजक्या वापरांखेरीज बांधकाम करता येत नाही. तिथे पूर्वीपासून अधिकृत इमारत असेल, तर जलसंपदा विभागाच्या ना हरकत प्रमाणपत्रावर तिचा पुनर्विकास होऊ शकतो, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंचीवर. नियंत्रित क्षेत्रातल्या नव्या बांधकामालाही हीच ०.४५ मीटरची अट आहे. जागेचा काही भाग पूररेषेत आणि उरलेला बाहेर असेल, तर पूररेषेतल्या भागाचे चटई क्षेत्र (जागेवर बांधता येणारे एकूण क्षेत्रफळ) उरलेल्या जागेवर वापरण्याची मुभा मिळू शकते. अनेक मालकांना ही तरतूद माहीत नसते आणि ते सगळी जागाच बाद झाली असे समजून बसतात.

"२५ वर्षांतून एकदा" या शब्दांनी मोठा गैरसमज होतो. २०१९ ला पूर आला, आता २०४४ पर्यंत काळजी नाही, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता ४ टक्के आहे, इतकेच ते सांगते. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीचा हिशेब केला, तर त्या काळात निळ्या रेषेपर्यंत पाणी किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के निघते. लाल रेषेच्या बाबतीत ती त्याच मुदतीत सुमारे १८ टक्के आणि पन्नास वर्षांत सुमारे ३९ टक्के आहे. घर पन्नास वर्षे टिकावे म्हणूनच आपण बांधतो, त्यामुळे शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पावसाच्या नोंदींचा संबंध इथे येतो. पूररेषा ठरवताना दर वर्षीचा कमाल पाऊस किंवा कमाल विसर्ग घेऊन वर्षांची मालिका तयार केली जाते, तिचे वारंवारिता विश्लेषण, म्हणजे केवढा पूर किती वर्षांनी येतो याचा हिशेब होतो, आणि त्यातून २५ किंवा १०० वर्षांच्या पुराचा विसर्ग काढला जातो. मग नदीच्या आडव्या छेदांच्या मोजणीवरून तो विसर्ग कुठल्या पातळीला वाहील हे ठरते. मालिका लहान असेल किंवा मोठ्या पुराच्या वर्षांआधीच संपत असेल, तर निघणारा आकडा तोकडा असतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर, आणि २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या आसपास पोहोचले. सतरा वर्षांत असे तीन पूर ज्या मालिकेत आहेत आणि ज्या मालिकेत ते नाहीत, त्या दोन मालिकांमधून एकच उत्तर निघणे शक्य नाही. कालपर्यंत २५ वर्षांचा म्हणून धरलेला विसर्ग नव्या हिशेबात त्याहून कमी वर्षांचा, म्हणजे जास्त वेळा येणारा, ठरू शकतो, आणि तसे झाले की निळी रेषा वस्तीकडे सरकते.

यात कोणता पाऊस मोजायचा हेही पाहिले पाहिजे. सांगली शहरात वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या अंगणात पडलेल्या पावसाने कृष्णेला पूर येत नाही. तो येतो महाबळेश्वरच्या, नवजा-कोयनानगरच्या आणि चांदोलीच्या पावसाने. कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, वारणा सांगलीच्या खालच्या अंगाला हरिपूरला मिळते. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि चांदोलीच्या वारणा धरणाची ३४.४० टीएमसी, ही धरणे भरत आली असताना घाटमाथ्यावर पुन्हा मुसळधार सुरू झाली, की विसर्ग सोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून सांगलीतली रेषा सरकवणारी बहुतेक पर्जन्यमापके सातारा जिल्ह्यात उभी आहेत.

वार्षिक सरासरी आणि अतिवृष्टी यांची गल्लत मात्र करू नये. भारतीय हवामान विभागाने २०२२ मध्ये १९७१ ते २०२० या काळावर आधारलेली नवी सरासरी स्वीकारली, तेव्हा देशाच्या मोसमी पावसाचा आकडा ८८०.६ वरून ८६८.६ मिलिमीटरवर आला. हा आकडा घटला म्हणजे पुराचा धोका घटला, असे म्हणता येत नाही, कारण पूर चार महिन्यांच्या बेरजेने येत नाही; तो चार-पाच दिवसांत किती पडले यावर येतो. अमेरिकेत ह्यूस्टन शहराच्या बाबतीत हे ठळकपणे दिसले. २०१७ च्या हार्वे वादळानंतर तिथल्या नोंदी सुधारल्या, तेव्हा शंभर वर्षांतून एकदा पडणारा चोवीस तासांचा पाऊस सुमारे १३ इंचांवरून १८ इंचांच्या घरात गेला, आणि शहराने पूरक्षेत्रातल्या नव्या घरांच्या जोत्याची उंची वाढवणारा नियम २०१८ मध्ये लागू केला.

आता पात्रतेबद्दल. दाखल्यासाठी जमिनीचा मालक किंवा सातबारावरील कब्जेदार अर्ज करू शकतो. सहहिस्सेदार असतील तर सर्वांच्या सह्या किंवा संमतिपत्र जोडावे. मुखत्यार, गृहनिर्माण संस्था किंवा विकसक अर्ज करत असेल तर त्याला नोंदणीकृत मुखत्यारपत्र, संस्थेचा ठराव किंवा विकसन करारनामा द्यावा लागतो. जागा अजून खरेदी केलेली नसेल तर मालकाला त्याच्या नावाने अर्ज करायला सांगणे सर्वांत सोपे, आणि इसार देण्याआधी हे करून घ्यावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पूररेषेचा नकाशा नुसता पाहायचा असेल, तर मालकीची गरज नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून कोणीही नागरिक त्याची प्रत मागू शकतो.

अर्ज जलसंपदा विभागाच्या सांगलीतील पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या नावे करायचा असतो. सोबत अलीकडचा सातबारा उतारा किंवा सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणीची क प्रत, नगररचना विभागाचा झोन दाखला व भाग नकाशा, आणि अर्जदाराचे ओळखपत्र जोडावे. पुनर्विकास असेल तर जुनी बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र हवे, कारण सवलत फक्त अधिकृत इमारतीला आहे. गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या जागांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली भूखंड नियमित झाला, म्हणून त्यावरच्या नव्या बांधकामाला पूररेषेच्या अटीतून सूट मिळते असे समजू नये.

या सगळ्यांत कळीचे कागदपत्र म्हणजे जागेचा समपातळी नकाशा (जमिनीची उंची दाखवणारा नकाशा), आणि नेमके तेच घाईत केले जाते. परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने जागेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये काढलेली असावी आणि ती कोणत्या शासकीय तलचिन्हावरून (समुद्रसपाटीपासूनची उंची आधीच ठरवलेल्या खुणेवरून) आणली हे नकाशावर लिहिलेले असावे. रस्त्याच्या मध्याला १०० मीटर धरून काढलेल्या मनमानी पातळीचा इथे उपयोग नाही, कारण लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीच्या संदर्भात दिलेली असते. तसेच आयर्विन पुलावरचे फूट आपल्या जागेला थेट लावता येत नाहीत. पुराच्या पाण्याला उतार असतो, सांगलवाडीची आणि हरिपूर रस्त्याची पातळी एकाच वेळी एकच असेल असे नाही. उदाहरण घेऊ. लाल रेषेची पातळी जमिनीपेक्षा १.८० मीटर वर असेल, तर बांधकामाची पातळी जमिनीपासून किमान २.२५ मीटरवर येते. पातळी काढताना अर्ध्या मीटरची चूक झाली, तर ०.४५ मीटरची सगळी राखीव उंचीच संपते.

ही उंची भराव टाकून गाठावी की खांबांवर, हा प्रश्न मालक हमखास विचारतात. भरावाने आपली जागा वर येते, पण पाण्याची वाट अडते आणि ते शेजाऱ्याच्या अंगणात चढते. ओढ्या-नाल्यांच्या काठी तर भराव टाकूच नये. शेरी नाल्यासारख्या नाल्यांतून नदीचे पाणी उलटे शहरात शिरते तेव्हा पाण्याला पसरायला जागा लागते. खांबांवर इमारत आणि खाली वाहनतळ, हा मार्ग खर्चाचा असला तरी शेजाऱ्याला न बुडवणारा आहे.

अर्ज आल्यावर उपविभागाकडून जागेची पाहणी होते, नकाशा पूररेषेच्या नकाशाशी ताडला जातो आणि दाखला मिळतो. हातात आल्यावर तो नीट वाचावा. "निळ्या रेषेबाहेर" एवढेच लिहिलेला दाखला अपुरा आहे. त्यावर गट क्रमांक, जागा कोणत्या क्षेत्रात येते, लाल रेषेची त्या ठिकाणची पातळी मीटरमध्ये, आणि ती कोणत्या पूररेषा नकाशावरून घेतली हे असायला हवे. नसेल तर तसे नमूद करून देण्याची लेखी विनंती त्याच वेळी करावी. त्यानंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खालील बांधकाम परवानगीच्या प्रस्तावाला हा दाखला जोडून तो सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे सादर करायचा असतो.

शामरावनगरसारख्या सखल भागातल्या रहिवाशांनी मात्र एवढ्यावर निर्धास्त राहू नये. पूररेषा नदीच्या पुराची असते. तासाभरात शहरातच पडलेला जोरदार पाऊस निचरा न होता काळ्या मातीत साचून राहतो, त्याचा विचार या रेषेत नसतो. तिथे रस्त्याची व गटाराची पातळी पाहून जोते ठरवावे लागते.

रेषा सुधारली तर काय? नियमावलीप्रमाणे जलसंपदा विभागाने बदललेली रेषा परवानगीसाठी लागू होते, म्हणून जुन्या दाखल्याच्या भरवशावर नवा प्रस्ताव करू नये. मिळालेली बांधकाम परवानगी एक वर्ष चालते, वर्षावर्षाने ती आणखी तीन वर्षांपर्यंत वाढवून घेता येते. मुदत संपू दिली तर नवा अर्ज करावा लागतो आणि तो त्या वेळी लागू असलेल्या रेषेवर तपासला जातो. प्रस्ताव नाकारला गेला किंवा अट मान्य नसेल, तर त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४७ खाली आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. अपिलात रेषेबद्दल तक्रार असेल, तर शासकीय तलचिन्हाशी जोडलेला तोच समपातळी नकाशा पुन्हा कामी येतो, म्हणून त्याची मूळ सहीशिक्क्याची एक प्रत घरच्या खरेदीखतासोबत, आणि शक्य तर वरच्या मजल्यावर, जपून ठेवावी.